घरातल्या संगणकाचा पहिला पडदा कोणाचा?

संगणकाचे बटण दाबले की पहिले काही सेकंद पडद्यावर जे दिसते, त्याकडे आपण बघत नाही. आधी मशीन बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह येते, त्याखाली ठिपके गोल फिरतात, मग लॉगिन. तोवर आपण चहा आणायला उठलेलो असतो. माझे म्हणणे असे की त्या पडद्याकडे जरा थांबून बघायला हवे. पैसे आपण भरले, हप्ते आपल्या खात्यातून कापले जातात, वीजबिल आपले, आणि दारावरची पाटी मात्र दुसऱ्याची. खोली घेतल्यावर दारावर बिल्डरच्या नावाची पाटी कोणी कायमची ठेवू देईल का? घरातल्या संगणकावर ती आहे, आणि ती काढायची सोय गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू आपल्याकडून काढून घेतली गेली आहे.

काही साथी म्हणतील, शिष्यवृत्त्या अडकल्यात, जात पडताळणीच्या रांगा संपत नाहीत, आणि ताई संगणकाच्या चित्रावर लेख लिहिताहेत. त्यांना शिर्डीची आठवण करून देते. मे २०१५ मध्ये तिथे एका तरुणाचा खून झाला, आणि वादाचे कारण होते त्याच्या मोबाइलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. रिंगटोन ही काही सेकंदांचीच गोष्ट. पण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रातून कोणाचे नाव बाहेर यावे हे आपला माणूस ठरवतो, हे सहन न होणारे लोक या महाराष्ट्रात आहेत. म्हणून यंत्राचा पहिला आवाज आणि पहिला चेहरा मला क्षुल्लक वाटत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात बूर्द्यू शिकताना प्रतीकात्मक सत्ता हा शब्द घोकला होता. कोणाची खूण रोज न विचारता डोळ्यांसमोर येते आणि आपण ती 'असायचीच' म्हणून सोडून देतो, हे पाहिले की तो शब्द घोकावा लागत नाही.

हे नेहमी असेच नव्हते. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला तेव्हा सुझन केअर यांनी काढलेला छोटा हसरा संगणक सुरुवातीला दिसायचा, आणि पुढे त्या जुन्या मॅकमध्ये सिस्टिमच्या फोल्डरात 'स्टार्टअपस्क्रीन' नावाचे चित्र ठेवले की तेच सुरुवातीला झळकायचे. कोणाची परवानगी नाही, किल्ली नाही. आपल्याकडे मॅक फार कोणाच्या घरी नव्हता, त्यामुळे आपल्या दृष्टीने खरी गोष्ट विंडोज ९५ आणि ९८ची. या दोन्हींत ढगांवरचे विंडोजचे चित्र यायचे. पण सी ड्राइव्हच्या मुळाशी 'लोगो डॉट सिस' या नावाची फाइल ठेवली, की संगणक स्वतःचे चित्र बाजूला ठेवून तुमचे दाखवायचा. नाव भारदस्त असले तरी ती फाइल म्हणजे साधे बिटमॅप चित्र होते. ३२० बाय ४०० ठिपके, २५६ रंग, एवढीच अट. पेंटमध्ये काढा, फाइलचे आडनाव बदला, संपले. नको झाले तर फाइल पुसा, ढग परत.

त्यातही गंमत होती. पडद्यावर ते चित्र रुंदीला ताणले जायचे. म्हणून आधी ६४० बाय ४८० मध्ये नीट काढायचे आणि मग ३२० बाय ४०० मध्ये दाबायचे. दाबलेले चित्र पेंटमध्ये विचित्र दिसते, चेहरे बारीक, वर्तुळे अंड्यासारखी. सुरू होताना ताणले गेले की बरोबर बसते. ज्याला हे माहीत नसायचे तो थेट ३२० बाय ४०० वर अशोकचक्र काढायचा आणि पडद्यावर त्याचा आडवा लंबगोल व्हायचा. खाली सरकणारी पट्टी असायची, ती मुळात हलतच नव्हती. रंगयादीतले शेवटचे काही रंग संगणक एकामागून एक फिरवत राहायचा, म्हणून ती पट्टी धावल्यासारखी वाटायची. चित्रात ते रंग चुकून दुसरीकडे वापरले गेले तर नाक किंवा चष्मा लुकलुकायला लागायचा.

बंद होतानाची दोन चित्रेही विंडोजच्या फोल्डरात तशीच पडलेली असायची. एकात थांबायला सांगितलेले, दुसऱ्यात काळ्या पडद्यावर नारिंगी इंग्रजी वाक्य, की आता संगणक बंद करायला हरकत नाही. तीही पेंटमध्ये उघडायची.

आता यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. विंडोज ९५-९८ला देवनागरी येत नव्हती. युनिकोड देवनागरीचा आधार विंडोज २०००पासून आला. त्याआधी श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम घालून वर्डमध्ये मराठी टाइप करता यायचे, पण मेनू, सूचना, चुकांचे संदेश सगळे इंग्रजीत. यंत्र स्वतःहून तुमच्याशी मराठीत बोलणे शक्यच नव्हते. अपवाद एकच, ही तीन चित्रे. कारण चित्रातले अक्षर हे संगणकाच्या लेखी अक्षर नसते, नुसते ठिपके असतात. श्रीलिपीत 'थांबा, संगणक बंद होतो आहे' असे लिहून ते पेंटमध्ये चिकटवले की संगणक जाताना मराठीत बोलायचा. घरातली आई, जिला इंग्रजीतले नारिंगी वाक्य वाचता येत नव्हते आणि बटण दाबायला भीती वाटत होती, तिला 'आता बटण बंद करा' हे वाचता यायचे. भाषेचा हक्क म्हणतात तो कधीकधी अशा फाइलच्या आडनावात दडलेला असतो.

पुढे ही दारे बंद होत गेली. २००१च्या विंडोज एक्सपीत सुरुवातीचे चित्र प्रणालीच्या गाभ्याच्या फाइलमध्येच शिवून टाकले. तरी एक फट होती. बूटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन शब्द वाढवले की विंडोजच्या फोल्डरातले ६४० बाय ४८०, सोळा रंगांचे चित्र दिसायचे. व्हिस्टा आणि सातपासून ते साहित्य कंपनीच्या डिजिटल सहीखाली गेले, हात लावला की सही तुटते. २०१२च्या विंडोज आठपासून नवीन मशीनवर सुरुवातीला मशीनच्या निर्मात्याचे चिन्ह दिसते. ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेले असते आणि विंडोज तेच पुढे चालवते. म्हणजे १९९५मध्ये दहावीतल्या मुलीला पेंटमध्ये जे जमले असते, ते आज संगणक अभियंत्याला सहज जमत नाही. यंत्र हजारपट ताकदवान झाले आणि मालक तेवढ्या बाबतीत कमजोर झाला.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते, सुरक्षा. हे उत्तर खोटे नाही. डिसेंबर २०२३मध्ये बायनर्ली या संस्थेच्या संशोधकांनी 'लोगोफेल' नावाने दाखवून दिले, की सुरुवातीचे चित्र वाचणाऱ्या फर्मवेअरमध्येच चुका आहेत आणि मुद्दाम बिघडवलेले चित्र ठेवून विंडोज सुरू होण्याआधीच संगणकाचा ताबा घेता येतो. पण हे नीट वाचा. चूक चित्र बदलणाऱ्या मालकाची नव्हती. कंपन्यांना फर्मवेअर पुरवणाऱ्यांनी चित्र वाचण्याचा भाग निष्काळजीपणे लिहिला होता. चोर खिडकीतून आला म्हणून घरमालकालाच खिडकी उघडायला बंदी घालणे हा त्याचा इलाज नव्हे. खिडकी नीट बसवा. आणि मालकाला हा हक्क सुरक्षितपणे देता येतो याचा पुरावा बाजारातच आहे. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांमध्ये फर्मवेअर अद्ययावत करताना कंपनीच्याच सूचनेप्रमाणे स्वतःचे चित्र घालता येते. कचेरीच्या गिऱ्हाइकांना हे लागते म्हणून ती सोय ठेवली आहे. घरच्या गिऱ्हाइकाने कधी मागितलीच नाही.

कंपनीनंतर दुसरा हक्क सांगायला येते सरकार. उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाच्या सरकारने मार्च २०१३पासून बारावी झालेल्या मुलामुलींना लॅपटॉप वाटले. कित्येक गरीब घरांतला तो पहिला संगणक. तो सुरू केला की मुलायमसिंह आणि अखिलेश यादव यांची छायाचित्रे समोर यायची, आणि ती बदलायला गेलात तर यंत्र बंद पडू शकते, असेही तेव्हा छापून आले होते. तमिळनाडूत २०११पासून वाटलेल्या लॅपटॉपवर जयललितांचे छायाचित्र होते. लॅपटॉप वाटले याबद्दल माझी तक्रार नाही, उलट आपल्याकडेही असे सरसकट वाटप व्हायला हवे होते. पण ते पैसे करदात्यांचे होते, मिळालेली वस्तू हा त्या मुलीचा हक्क होता, आणि रोज सकाळी अभ्यासाला बसताना तिला आधी दात्याचे दर्शन घ्यावे लागत होते. रेशनच्या पिशवीवरचा फोटो निदान पिशवी फाटली की जातो.

सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचीच छायाचित्रे असावीत असे सांगितले. मार्च २०१६मध्ये ते सैल करून मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही मुभा दिली. ही चर्चा जाहिरातींची होती. घरात शिरून कायम राहणाऱ्या यंत्राच्या पडद्याबद्दल वेगळा नियम हवा. सरकारी योजनेतून दिलेल्या कोणत्याही संगणकाचा किंवा टॅबचा पहिला पडदा कोरा असावा आणि तो बदलण्याचा अधिकार घेणाऱ्याचा असावा, एवढे एक वाक्य निविदेच्या अटींत घालायला काही खर्च येत नाही. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केलेली स्वतःची लिनक्स प्रणाली वापरतात. मुक्त असल्यामुळे तिची सुरुवात कोणी बदलली तर तो गुन्हाही होत नाही आणि यंत्र बिघडतही नाही. महाराष्ट्राला हे का जमू नये?

आता आपल्या स्वतःच्या घराकडे येऊ, कारण दुसऱ्यांना बोल लावणे सोपे असते. आपल्या वस्तीत ज्यांना पडदा बदलता येतो ते काय लावतात? बहुतेक घरांत बाबासाहेब, नाहीतर बुद्ध. ठीकच आहे. दिवाळीत शेजारच्या दुकानात लक्ष्मीपूजनाला मॉनिटरवर कुंकवाचे स्वस्तिक निघते, कचेरीतल्या संगणकावर गणपती असतो, आणि ते सगळे 'आपली संस्कृती' म्हणून खपते. आपण फोटो लावला की लगेच 'सगळीकडे जात कशाला आणता' सुरू होते. अशा वातावरणात तो चेहरा लावणे ही अस्मितेची साधी, शांत कृती आहे. ज्यांना यात नुसती भक्ती दिसते त्यांनी शिर्डी आठवावी.

तरीही माझे एक भांडण आहे, आणि ते आपल्यातल्यांशी आहे. लावलेली चित्रे जवळून बघा. निम्मी चित्रे चौदा एप्रिलच्या बॅनरवरून उचललेली असतात. बाबासाहेबांच्या डाव्या हाताला कोपऱ्यात नगरसेवक, उजव्या हाताला भावी आमदार, खाली शुभेच्छुकांची रांग, त्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. दहा ग्रुपांतून फिरून आल्यामुळे चेहरा पुसट आणि शुभेच्छुकांची नावे मात्र ठळक. अलीकडे एआयने बनवलेली चित्रे आली आहेत. त्यांत हातातल्या पुस्तकावर कोणत्याच लिपीत न बसणारी अक्षरे असतात आणि बाबासाहेबांच्या नाकाडोळ्यांचा पत्ता नसतो. अखिलेश यादवांच्या लॅपटॉपवर आपण टीका करणार आणि आपल्या घरी वॉर्डातला इच्छुक उमेदवार फुकट बसवणार, हे कसे चालेल? २५ नोव्हेंबर १९४९च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल दिलेला इशारा आपण भाषणांत सांगतो. तो आपल्या पडद्यालाही लागू आहे.

मी म्हणते, चेहरा लावायचाच तर चांगल्या, जुन्या, मूळ छायाचित्राची प्रत घ्या आणि बाकीचे सगळे कापून टाका. पण त्याआधी घरात विचारा की हा पडदा कशासाठी वापरायचा. एखाद्या घरात तीन भावंडे एकाच संगणकावर शिकतात. तिथे 'आज कोणाची पाळी' हे सकाळी भांडणाचे कारण असते. एखाद्या घरात आजोबांनी पहिल्यांदा सही केली तो कागद जपून ठेवलेला असतो. तो स्कॅन करून काळ्या पार्श्वभूमीवर मधोमध ठेवला तर कोणत्याही कंपनीच्या चिन्हापेक्षा वजनदार दिसेल. एखाद्या मुलीला वाटेल की फक्त तिचे नाव हवे, ज्या घरात तिच्या नावावर दुसरे काहीच नाही. तेही चालेल. चेहरा लावणे सोपे पडते म्हणून आपण विचार टाळतो, असे मला अनेकदा वाटते.

करायचे कसे? घरात विंडोज असेल आणि तो एकच संगणक असेल तर फर्मवेअरमधले चिन्ह बदलणाऱ्या उपऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका. लिहिताना मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि दुरुस्तीवाला तुमची अस्मिता ऐकून घेणार नाही. कंपनीने स्वतः सोय दिली असेल तरच करा. नाहीतर लॉक स्क्रीन बदला. ती पहिली नसून दुसरी खोली आहे, पण आपली आहे.

कचेऱ्यांनी काढून टाकलेले जुने पीसी आपल्या वस्त्यांत बरेच येतात. नवे विंडोज त्यांच्यावर धापा टाकते, लिनक्स बरे चालते, आणि लिनक्समध्ये हा हक्क शाबूत आहे. उबुंटू, फेडोरा वगैरेंमध्ये सुरुवातीचा पडदा 'प्लिमथ' नावाचा प्रोग्राम दाखवतो. त्याच्या थीम म्हणजे एका फोल्डरातली पीएनजी चित्रे आणि ती कुठे, कशी दाखवायची हे सांगणाऱ्या एकदोन छोट्या मजकूर-फाइली. असलेली एखादी थीम कॉपी करावी, नाव बदलावे, चित्र बदलावे, ती थीम निवडावी आणि सुरुवातीची प्रतिमा नव्याने बांधायची आज्ञा द्यावी. शेवटचे पाऊल विसरले की जुनेच चित्र येत राहते आणि माणूस तासभर डोके खाजवतो. त्याआधी दिसणाऱ्या 'ग्रब'च्या यादीलाही मागे चित्र लावता येते. पण तिथे मराठी अक्षरे टाइप करू नका. ग्रबला देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा नीट जुळवता येत नाहीत, 'क्रांती'चे तुकडे होतात. मराठी वाक्य चित्रातच लिहून द्यायचे. विंडोज ९८ची युक्ती इतक्या वर्षांनीही कामाला येते, यावरून आपल्या लिपीकडे जगाचे किती लक्ष आहे तेही कळते.

चित्र काढताना पडद्याचे मूळ माप बघून त्याच मापात काढा, म्हणजे चेहरा ताणला जाणार नाही. महत्त्वाचे मधोमध ठेवा आणि खालचा तिसरा भाग मोकळा सोडा. डिस्कला कुलूप असेल तर पासवर्डची चौकट तिथे येते. अशोकचक्र शंभर ठिपक्यांत बसवू नका, चोवीस आऱ्यांचा चिखल होतो. वाक्य पाच-सहा शब्दांचे हवे. नव्या एसएसडीवर पडदा चारपाच सेकंदच टिकतो, जुन्या हार्डडिस्कवर चांगला अर्धा मिनिट. सुरू होताना येणारे चुकांचे संदेश कायमचे झाकू नका. प्लिमथमध्ये एस्केपचे बटण दाबले की ते दिसतात, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि रंग. आपल्याला निळा हवा असणार, पण विंडोजवाल्या घरात भडक निळ्यावर पांढरी अक्षरे ठेवली की पाहुण्याला वाटते संगणक कोसळला. थोडा गडद घ्या, शाईकडे झुकणारा.

पुढच्या वेळी संगणक घ्यायला जाल तेव्हा रॅम आणि स्टोरेजच्या बरोबरीने दुकानदाराला एवढे विचारा, सुरुवातीचे चिन्ह मला बदलता येईल का, आणि कंपनीच्या पद्धतीने येईल का. बहुतेक वेळा त्याला माहीत नसेल. त्याला कंपनीला फोन करू द्या. तुम्ही काउंटरसमोरची खुर्ची ओढून बसा.